पाठ कोण पाहणार?

सोमवार हा आम्हा धर्मगुरूंचा सुट्टीचा दिवस. रविवारचे मिस्साबलिदान, बाप्तिस्मे, सभा आणि लग्नाचे अर्ज हा सगळा व्याप उरकला की सोमवारी दुपारी मी आमच्या वसईच्या वाडीत आईला भेटायला जात असे. २०२१ च्या दिवाळीनंतर तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन मुंबईला जाणाऱ्या, गिऱ्हाइकाशी पैशापैशासाठी भांडणाऱ्या माझ्या आईच्या तोंडी दोनच उद्गार उरले. त्यांतला होकाराचा कोणता आणि नकाराचा कोणता, हे आम्हाला अखेरपर्यंत नीट उमगले नाही.

भाऊ कुटुंबासह कॅनडात. बहीण धर्मभगिनी, तिची नेमणूक विदर्भात. मी आठवड्याचे सहा दिवस इतरांच्या आईवडिलांची विचारपूस करणारा. अशा घरात आज जे होते तेच आमच्याकडे झाले. ब्युरोला फोन गेला आणि तिसऱ्या दिवशी २२ वर्षांची एक मुलगी कापडी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. जव्हारकडची. चोवीस तासांची ड्युटी. ब्युरोला महिन्याला २१ हजार रुपये द्यायचे आणि त्यातले तिच्या हाती किती पडतात हे विचारायचे नाही, असा अलिखित करार होता. भाऊ पैसे पाठवी, मी देखरेख करी. निदान माझी तशी समजूत होती.

ती देखरेख कशी होती ते सांगतो. मी गेलो की आईच्या उशाशी खुर्ची ओढून बसत असे. चादर पांढरीशुभ्र, केस विंचरलेले, मानेला पावडर लावलेली. मुलगी चहा आणून देई. मी आईला गावातल्या बातम्या सांगे, जपमाळेचे एक रहस्य म्हणे, तिच्या कपाळावर क्रूसाची खूण करी आणि निघताना दारात विचारी, "सगळं ठीक ना?" उत्तर येई, "हो फादर." रात्री कॅनडाला फोन करून मी सांगे की उत्तम चालले आहे, मुलगी गुणी आहे. ती खरोखरच गुणी होती. पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे वाचकांचा गैरसमज होऊ नये, म्हणून हे आधीच नोंदवून ठेवतो.

२०२२ च्या एप्रिलमधील एका सोमवारी वीज गेली होती. पंखा थांबल्यामुळे खोलीतली हवा साचली आणि पावडरीच्या वासाखाली दडलेला दुसरा एक वास मला आला. धर्मगुरुपदाच्या इतक्या वर्षांत मी पुष्कळ मरणोन्मुख माणसांच्या खाटांशी उभा राहिलो आहे. तो वास मला अपरिचित नव्हता. तरीही हा वास बाहेरच्या गटाराचा असावा, असे मी दहा मिनिटे स्वतःला समजावीत बसलो.

आमच्या आळीत मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका राहतात. आईच्या दूरच्या नात्यातल्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणतो. मी त्यांना बोलावून आणले. त्यांनी आईची नाडी पाहिली नाही की औषधांच्या चिठ्ठ्या मागितल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "फादर, पाठ पाहिली का कोणी?" मी खुर्चीवरून उठून बाहेर जाऊ लागलो. आईचे अंग उघडे करायचे तेव्हा मुलाने खोलीबाहेर जायचे, हे आम्हाला कोणी न शिकवताच ठाऊक असते. मावशींनी हात आडवा केला. "आज थांबा," त्या म्हणाल्या.

त्यांनी आणि त्या मुलीने आईला कुशीवर वळवले. माकडहाडावर माझ्या तळहाताएवढी जखम होती. कडा काळपट, आत खोल गेलेली. महिनोन्महिने मी त्या खाटेशी येऊन बसत होतो. मी चेहरा पाहत होतो.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्यांनी ही जखम कशी होते ते समजून घ्यावे, म्हणून मावशींकडून आणि पुढे डॉक्टरांकडून जे कळले ते इथे सविस्तर लिहितो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते आणि तिथला रक्तपुरवठा थांबतो. आपण निरोगी माणसे झोपेतही कूस बदलतो, म्हणून वाचतो. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस दुसऱ्याने साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. आधी लाली येते. त्या लालीवर बोट दाबून सोडावे. दाबलेली जागा क्षणभर पांढरी झाली तर काळजी थोडी. दाबूनही लाल ती लालच राहिली, तर आतली इजा सुरू झाली असे समजावे. त्याच दिवशी त्या जागेवरचा भार काढला तर बहुधा निभावते. नाही काढला तर कातडी फाटते, मग चरबी दिसते, मग स्नायू आणि हाड. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. आईची तिसरी होती. लघवीचा ओलावा, चादरीची सुरकुती, माणसाला उचलण्याऐवजी ओढून वर सरकवणे, आहारात प्रथिने कमी पडणे, या सगळ्यांची त्यात भर पडते.

आमच्या घरी त्या लाल जागेला स्पिरिट चोळून वर पावडर लावली जात होती. पूर्वी इस्पितळांतही असेच करीत. आता लाल झालेली जागा चोळू नये असे सांगतात, कारण चोळल्याने आतल्या नाजूक पेशी अधिकच फाटतात. आणि आईच्या खाली हवा भरलेली रबराची गोल रिंग ठेवली होती. ती पाहून मावशींनी विचारले, "ही कोणी आणली?" अशा रिंगेमुळे मधला भाग मोकळा राहतो खरा, पण कडेने दाब वाढतो आणि मधल्या भागाचे रक्त अडते.

ती रिंग मी आणली होती.

त्या दिवशी मला भयंकर राग आला, आणि रागाला सोपी वाट हवी असते. मी ब्युरोला फोन लावला. पलीकडच्या माणसाने माझा आवाज ओळखला आणि अदबीने म्हणाला, "फादर, काळजी करू नका, लगेच बदलून देतो." जणू काही मिक्सर बिघडला होता. संध्याकाळी सात वाजता बदली बाई हजर झाली. पहिल्या मुलीचे पंधरा दिवसांचे पैसे ब्युरोने कापले, हे मला पुढे कळले. पिशवी भरताना ती एवढेच म्हणाली, "फादर, मी सांगितलं होतं." हा बचाव असेल असे समजून मी उत्तर दिले नाही. बदली बाईलाही पाठीचे काही ठाऊक नव्हते, ही गोष्ट मावशींनी पहिल्या पाच मिनिटांत शोधून काढली.

धर्मग्रामात परतताना, खाडीपुलावर, मला आठवले. मार्चचा पहिला किंवा दुसरा सोमवार. मी हेल्मेट घालून स्कूटरला किल्ली लावत होतो आणि ती ओट्यावर येऊन म्हणाली होती, "आजीची पाठ लाल झालीय." मी म्हणालो होतो, "पावडर लावत जा. पुढच्या वेळी मी काहीतरी घेऊन येतो." आणि पुढच्या सोमवारी मी औषधांच्या दुकानातून मोठ्या मायेने ती रिंग घेऊन गेलो होतो. तिने ब्युरोलाही फोन केला होता. तिथून तिला स्पिरिट चोळायला सांगण्यात आले होते. म्हणजे तिला जे दिसले ते तिने ज्यांना सांगायचे त्यांना सांगितले होते. आम्हा दोघांपैकी कोणीही चादर उचलून पाहिली नव्हती.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी तीन प्रश्न विचारले. दर किती तासांनी कूस बदलत होता? रात्री कोण बदलत होते? कुठे लिहून ठेवले आहे का? तिसरा प्रश्न ऐकून मला चार वर्षांपूर्वी पाहिलेली एक निळी फाईल आठवली.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातील एका धर्मग्रामात पाच आठवडे होतो. तिथले धर्मगुरू सुट्टीवर गेले की आमच्यासारखे पाहुणे त्यांची जागा सांभाळतात. स्विंडनमध्ये गोव्याच्या लोकांची मोठी वस्ती आहे. पोर्तुगीज पासपोर्टच्या आधारे तिथे गेलेली ही मंडळी गोदामांत, कारखान्यांत आणि घरोघरच्या वृद्धांच्या सेवेत काम करतात. आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला मी एका इंग्रज वृद्धेच्या घरी गेलो, तेव्हा तिची अंघोळ आटोपून हातमोजे काढणारी बाई बार्देशची निघाली. आम्ही अर्धी कोकणी, अर्धी मराठी बोललो. टेलिफोनशेजारी एक निळी फाईल होती. त्या बाईने तीत वेळ लिहिली, किती पाणी पाजले ते लिहिले, कोणती गोळी आपल्यासमोर गिळली ते लिहून सही केली. एका पानावर माणसाच्या शरीराची रेखाकृती छापलेली होती, एक पुढून आणि एक मागून. अंगावर कुठे लाली, खरचटणे किंवा काळेनिळे दिसले तर त्या चित्रावर तिथे फुली मारून तारीख घालायची. मी हसलो. आईच्या पाठीचा नकाशा काढणारे हे लोक, माया कमी पडली की कागद वाढतो, असे काहीतरी मी मनात म्हणालो आणि वसईला परतल्यावर एका प्रवचनात ते सांगितलेही. श्रोत्यांना आवडले होते.

त्या बाईने मला सांगितले होते की तिची सुपरवायझर न कळवता कधीही येते, ती काम करीत असताना कोपऱ्यात उभी राहते आणि उचलण्याची पद्धत चुकली तर तिथेच सुधारते. आणि त्या संस्थेच्याही वर कोणी आहे. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची शासकीय यंत्रणा २००९ पासून काम करते. घरी जाऊन अंघोळ, औषध, खाणेपिणे अशी सेवा देणाऱ्या संस्थेला या कमिशनकडे नोंदणी केल्याशिवाय काम करता येत नाही, केल्यास तो गुन्हा ठरतो. तपासनीस पाच गोष्टी पाहतात. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेने दिली जाते का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलते का, आणि चालवणारे ती नीट चालवतात का. मग चार श्रेणींपैकी एक श्रेणी मिळते आणि ती संस्थेला लोकांना दिसेल अशी लावावी लागते.

तिकडे सगळे सोन्याचे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी सरकारसाठी केलेल्या पाहणीत या कमिशनच्याच कारभारातल्या मोठ्या उणिवा पुढे आल्या. कित्येक सेवांची तपासणी वर्षानुवर्षे झालेली नव्हती. आणि त्या इंग्रज वृद्धेने मला जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. "लिहितात सगळ्या, फादर, पण बसत कोणी नाही. वीस मिनिटांत पुढच्या घरी जायचे असते." आमच्याकडची मुलगी मात्र बसत असे. आईचा हात हातात घेऊन तासन्‌तास बसत असे.

आपल्याकडे काय आहे? आईच्या जखमेनंतर मी ब्युरोच्या कार्यालयात हिशेब मिटवायला गेलो, तेव्हा भिंतीवर चौकटीत लावलेले एक सरकारी प्रमाणपत्र पाहिले. वाचले तर ते दुकाने व आस्थापनांच्या कायद्याखालचे होते. तसेच प्रमाणपत्र शेजारच्या कापडाच्या दुकानातही होते. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे, पण तो खाटा असलेल्या जागेची नोंद करतो. खाट माझ्या घरात आली की तो कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो. शिकलेल्या परिचारिकेची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि ती आपण मागू शकतो. ब्युरोतून येणारी बहुतेक मुलगी मात्र परिचारिका नसते, आणि आपल्याला तसे कोणी सांगतही नाही. पांढरा कोट घातला की आपण तिला 'सिस्टर' म्हणू लागतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा कायदा आहे. त्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा ठरावा, अशी तरतूद त्यात होती. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयकही बारगळले. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांक आहे, तो प्रत्येक घरात लिहून ठेवावा. पण ज्या आजीची वाचा गेली आहे ती तो क्रमांक कशी फिरवणार?

घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्याचे आधुनिक काम सुरू झाले ते १८५९ साली, लिव्हरपूलमध्ये. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने आपल्या दिवंगत पत्नीची सेवा केलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला शहरातल्या गरिबांच्या घरी पाठवले. काही आठवड्यांत ती परत आली आणि हे दुःख माझ्याने पाहवत नाही म्हणाली. रॅथबोनने तिला धीर दिला, तेव्हा ती पुन्हा गेली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरचे पुस्तकही त्याच सुमाराचे. त्यातले एक प्रकरण मावशींना प्रशिक्षणात शिकवले होते. आपण हजर असताना जे करतो ते आपण नसतानाही होत राहील अशी व्यवस्था लावणे, हा त्याचा विषय आहे. मावशी म्हणाल्या, "फादर, तुमची सोमवारची भेट म्हणजे तुम्ही हजर असतानाची व्यवस्था."

२०२३ च्या उपवासकाळात मी माझ्या धर्मग्रामात विचारणा केली, तेव्हा बाहेरची बाई ठेवून वृद्धांची सेवा चालली आहे अशी तीसेक घरे निघाली. मुले आखातात, कॅनडात, नाहीतर रोज चार तास लोकलमध्ये. मावशी, आणखी दोन निवृत्त परिचारिका आणि हिशेबाला बसणारे एक निवृत्त बँक कर्मचारी, असा चार जणांचा गट तयार झाला. वेदीसेवकांपैकी एका मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे. त्याने माणसाची पुढची आणि मागची आकृती काढून दिली. तिच्या झेरॉक्स शाळेच्या दोनशेपानी वह्यांत चिकटवल्या. वहीत वेळ, कूस, पाणी, औषध, आणि पाठीची लाली. जिला लिहिता येत नाही तिने बाण काढायचा, डावा किंवा उजवा. गट महिन्यातून एकदा जाईल आणि तो न कळवता जाईल, एवढीच अट घातली.

वादळ झाले. एक गृहस्थ सभेत उठून म्हणाले, "फादर, आमच्या घरात पोलीस घालता काय?" त्यांचा राग मला समजत होता. परक्याने येऊन चादर उचलायची म्हणजे आमच्या मायेवर संशय घ्यायचा. मी त्यांना म्हटले, आमची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही आजही कोणी येऊन तपासते. पाच वर्षांतून एकदा तरी बिशपांनी आपल्या धर्मप्रांतातल्या प्रत्येक धर्मग्रामाला भेट द्यावी, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे, आणि त्या वेळी दप्तर काढून दाखवावे लागते. एखादी तारीख राहिली असेल तर माझी मान खाली जाते. तेव्हा कोणी माझ्या श्रद्धेवर संशय घेतला असे मला वाटत नाही. गृहस्थांचे समाधान झाले नाही. त्यांच्या घरी वही गेली नाही, आजही नाही.

गटाने जे पाहिले त्यातले सगळे इथे लिहिता येणार नाही. एका घरी दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवरून रक्तदाबाचे एकच औषध दोन वेगळ्या नावांनी वर्षभर चालू होते, आणि आजोबा सकाळी घेरी येऊन का पडतात हे कोणाला कळत नव्हते. एका घरी नवराबायको कामावर जाताना बाहेरून कुलूप लावीत, बाई चोरी करून पळेल म्हणून. आत ८० वर्षांची म्हातारी, गॅसची शेगडी आणि कोंडलेली बाई. दुसऱ्या एका घरी सेवा करणारी मुलगी व्हरांड्यात झोपे, तिच्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती, आणि घरातला एक पुरुष दारू पीत असे. सुरक्षितता म्हटले की आपण फक्त आपल्या माणसाची धरतो. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने घरालाही कामाचे ठिकाण मानले आहे आणि घरकाम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे त्या मुलीला ठाऊक नव्हते. त्या घरालाही नव्हते. मलाही मावशींनी विचारले तेव्हाच शोधावे लागले.

माझीही तपासणी झाली, तेही सांगून टाकतो. पहिल्या शुक्रवारी एका दमेकरी आजोबांना कम्युनियन द्यायला गेलो होतो. रिवाजाप्रमाणे पांढरे कापड घालून त्यावर मेणबत्ती पेटवलेली होती आणि हातभर अंतरावर ऑक्सिजनचे यंत्र चालू होते. मी प्रार्थनेला सुरुवात केली तोच पाठीमागून मावशी आल्या आणि त्यांनी फुंकर मारली. "देवाला अंधारातही दिसते, फादर," एवढे म्हणून त्या वही उघडून बसल्या. तेव्हापासून अशा घरांत आम्ही मेणबत्ती नुसती ठेवतो.

वह्यांनी सगळे साधले असे नाही. एका घरी रात्री १०, १२, २, ४ अशा नोंदी ओळीने, एकाच शाईने, एकाच बैठकीत खरडलेल्या आढळल्या. मावशींनी त्या मुलीला रागावण्याऐवजी विचारले की तू झोपतेस कधी. दिवसा स्वयंपाक, धुणी, नातवंडांची शाळा आणि रात्री दर दोन तासांनी कूस, असा तिचा क्रम होता. असा क्रम पाळणे कोणत्याही जिवंत माणसाला शक्य नाही. तिथे वहीला दोष न देता घराला रात्रीची दुसरी बाई ठेवायला सांगितले. परवडत नाही म्हणाले. मग आळीतल्या दोन सुनांनी रात्री १० ची आणि पहाटे ६ ची कूस वाटून घेतली, आणि जाड हवेची गादी, ज्यात हवा आलटून पालटून भरते ती, धर्मग्रामाच्या निधीतून भाड्याने आणली. रात्री २ ची कूस आजही कधी कधी चुकते.

माझ्या आईचे सांगायचे राहिले. जखम आढळल्यावर महिनाभराने मी जव्हारला गेलो. ब्युरोने पत्ता दिला नव्हता, तिथे काम करणाऱ्या धर्मभगिनींनी ती मुलगी शोधून दिली. ती भाताच्या शेतावर राब भाजण्याच्या कामाला लागली होती. मला पाहून तिने पदराने हात पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, "आजीची पाठ?" मी तिची क्षमा मागितली. काय बोलावे हे तिला सुचले नाही. मग म्हणाली, "मला वाटलं, मी सांगितलं म्हणजे तुम्ही बघाल." कापलेले पैसे मी सोबत नेले होते. ते तिने मोजून घेतले, आणि मला ते बरे वाटले.

जूनमध्ये ती परत आली. या वेळी ब्युरो मध्ये नव्हता. तिची दिवसाची ड्युटी, रात्रीला दुसरी बाई, रविवारी सुट्टी. भावाला खर्च वाढला तो मी समजावला, आणि पाठीचा फोटो पाठवला तेव्हा अधिक समजावण्याची गरज उरली नाही. मावशींनी तिला आठवडाभर शेजारी उभे राहून शिकवले. दोघींनी खालची चादर धरून कसे वळवावे, टाचा गादीपासून अधांतरी कशा ठेवाव्यात, तीस अंशांत कलते कसे टेकवावे. जखम भरायला ऑक्टोबर उजाडला. सोमवारी गेलो की मी आता आधी वही मागत असे आणि मग ती मुलगी चादर उचलून मला पाठ दाखवी. पहिल्या दोन वेळा मला संकोच वाटला. आईलाही वाटला असावा, तिने दोनपैकी एक उद्गार काढला. तिसऱ्या वेळेपासून ती काही बोलली नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूमोनियाने तिचा अंत झाला. तैलाभ्यंग मीच दिला. नंतर मावशींनी आणि त्या मुलीने तिला अंघोळ घातली. मी ओट्यावर माणसांत बसलो होतो. मावशींनी आतून हाक मारली, "फादर, एकदा आत या." मी गेलो. त्यांनी आईला कुशीवर वळवून धरले होते. माकडहाडावर लिंबाएवढा पांढरट वण होता. बाकी पाठ स्वच्छ होती. मुलीने वही पुढे केली, त्या दिवसाचे पान उघडलेले होते. मी चित्राखाली तारीख घातली आणि सही केली.